शून्याच्या स्लॅबमधले देशमुख भाऊ

लोक म्हणतात, माणसाचं पोट डॉक्टरला माहीत असतं. कशाचं काय! डॉक्टरला नुसतं पोट माहीत. त्या पोटात काय काय गेलं, ते आम्हा टॅक्सवाल्यांना माहीत! अकोल्याच्या जठारपेठेत माझं कर सल्लागाराचं ऑफिस आहे. क्लायंटच्या जुन्या फायली काही वर्षांनी रद्दीत जातात. किस्से मात्र साचतच राहतात, ते रद्दीवालाही नेत नाही. त्यातले निम्मे तर मला सांगताच येत नाहीत, कारण क्लायंटचं गुपित म्हणजे गुपित. कधी कधी अगदी पोट फुगतं माझं! म्हणून आज नावं-गावं जरा इकडची तिकडे करून मोकळी होते.

आधी आमची मंडळी सांगते. ऑफिसच्या दारात कडुनिंब आहे. त्याच्याखाली बेबीताईंची चहाची टपरी आणि दोन बाकडी. संध्याकाळी पाचला आम्ही तिथे जमतो. ट्रेझरीतून रिटायर झालेले तायडे साहेब, शेजारच्या गल्लीत लहान मुलांच्या रेडिमेड कपड्यांचं दुकान चालवणारे सलीमभाई, डाळ मिलवाले देशमुख भाऊ, आणि मी, सगळ्यांची 'मॅडम'. या तिघांचेही रिटर्न मीच भरते. म्हणजे कोण खरं किती कमावतं हे त्या बाकड्यांवर फक्त मला माहीत असतं, आणि नेमकी मलाच तोंड उघडायची मनाई!

* * *

जुलै महिन्यात अकोल्यात पाऊस येवो न येवो, गरिबी हमखास येते. रिटर्न भरायचे दिवस ना!

आमचे एक हार्डवेअरवाले दर जुलैत चेहरा पाडून येतात. "मॅडम, धंदाच नाई राहिला. दुकानात मानसं बसल्या बसल्या पगार घेऊन राहिले. इनकम जेवढी कमी दिसन तेवढं पाहा."

मी म्हटलं, "जेवढी आहे तेवढीच दिसेल." रडतखडत टॅक्स भरला आणि मला मनातल्या मनात काय म्हणायचं ते म्हणून गेले.

दिवाळीनंतर तेच गृहस्थ तणतणत आले. त्यांना दुसऱ्या दुकानासाठी कर्ज हवं होतं. "मॅडम, हे काय करून ठेवलं तुमी? एवढी कमी इनकम कावून दाखवली? बँकवाला हासला ना माह्यावर!"

आणि उन्हाळा लागायच्या आधी तिसऱ्यांदा आले, ते मुलाचा बायोडाटा घेऊन. "मॅडम, वडिलाच्या उत्पन्नासमोर काय लिहू?"

"रिटर्नमध्ये आहे तेच लिहा."

"अवो, लग्न जमवाचं हाये मॅडम, मोडाचं नाई!"

तायडे साहेब तिथेच पेपर वाचत बसले होते. पेपराआडूनच म्हणाले, "आपल्या इकडं मानसापाशी तीन बजेट असतात. एक सरकारले दाखवाचं, एक बँकेले, अन् एक व्याह्याले. खरं कोनतं, ते त्याच्या बायकोले ठाऊक!"

* * *

शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हिवरखेडच्या एका कॉन्ट्रॅक्टरला तर जरा जास्तच माहीत होतं. रस्त्यांची कामं करायचा. त्याने मला भलामोठा आकडा सांगितला आणि म्हणाला, "हे सारं शेतीत टाका."

"वावर किती आहे भाऊ?"

"तीन एकर."

"ओलीत?"

"कोरडवाहू."

"आणि पीक?"

"तूर," तो शांतपणे म्हणाला.

मी कॅल्क्युलेटरवर भागाकार केला आणि चष्मा काढला. "भाऊ, या हिशोबानं तुमच्या तुरीला शेंगा नाही, पाटल्या लागल्या असतील!"

तो हसला नाही. पण बाजूच्या खुर्चीवर देशमुख भाऊ बसले होते. डाळ मिलवाल्यासमोर तुरीची गोष्ट! भाऊंनी खुर्ची त्याच्याजवळ ओढली आणि अगदी कळवळून विचारलं, "दादा, एवढी तूर पिकवली, त मंग इकली कोनाले? इकडं मी तूर भेटत नाई म्हून अर्धी मिल बंद ठेवून राहिलो! हालत पाहा माही!"

कॉन्ट्रॅक्टर गपचूप उठला. दुसऱ्या दिवशी खरे आकडे घेऊन आला. पण तुम्ही बघा, दुसऱ्याचं खोटं पकडतानाही देशमुख भाऊंनी स्वतःची गरिबी मध्ये घुसवलीच! त्या गरिबीकडे मी येतेच आहे.

* * *

त्याआधी तायडे साहेब.

साहेबांची सगळी नोकरी दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात गेली. एकही बिल त्यांच्या टेबलावरून पहिल्या फेरीत पास झालं नाही, आणि याचा त्यांना आजही रास्त अभिमान आहे. रिटायर झाल्यावर त्यांच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या समितीने मोठ्या विश्वासाने त्यांना खजिनदार केलं. पहिल्याच बुद्धपौर्णिमेला साहेबांनी खिरीच्या बिलावर आक्षेप काढला: 'दूध व तांदूळ नमूद. साखरेचा उल्लेख नाही. खीर गोड कशी झाली, याचा खुलासा करावा.' आचारी बिचारा खुलासा करायला दोनदा येऊन गेला!

घरातही तेच. मीराताई, म्हणजे त्यांच्या मिसेस, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. दोघांच्या पेन्शनी एकत्र करून साहेब घरखर्चाचं वार्षिक बजेट मांडतात. किराणा इतका, औषधं इतकी, पाहुणे इतके. आणि नियम असा, की एकतीस मार्चला जे शिल्लक राहील ते सरकारजमा. सरकार म्हणजे अर्थात साहेब.

पहिल्या वर्षी मीराताईंनी काटकसर करून बरेच पैसे वाचवले, आणि एकतीस मार्चला संध्याकाळी साहेबांनी ते शांतपणे परत घेतले. 

दुसऱ्या वर्षी एकतीस मार्चला साहेब चहा पिऊन घरी गेले, तर दारात टेम्पो उभा! नवा डबलडोअर फ्रिज उतरत होता. मागून मोठा कूलर. त्याच्यामागे मिक्सर.

"हे काय चाललं?" साहेब ओरडले.

मीराताई म्हणाल्या, "काही नाही हो. निधी परत जाऊन राहिला होता!"

* * *

राज्याचं बजेट मांडतात तो दिवस आमच्याकडे सणासारखा असतो. दुपारपासून माझ्या ऑफिसातल्या टीव्हीसमोर खुर्च्या लागतात. आलुबोंडे येतात. आणि एक शर्त असते: भाषणात अकोल्याचं नाव आलं, की जिलबी!

एका वर्षी भाषण चाललं चाललं, संपत आलं, पण अकोला काही येईना. अमरावतीचं नाव मात्र दोनदा आलं. आम्ही अकोल्याचे लोक, एक वेळ उन्हात उभे राहू, पण अमरावतीचं कौतुक ऐकून घेणं म्हणजे फारच झालं. सगळे तोंड पाडून बसले. तेवढ्यात मंत्री म्हणाले, "अमरावती विभागासाठी…"

सलीमभाई ताडकन उठले. "विभाग बोले ना? विभाग में अपन आते कि नहीं आते, तायडे साहेब?"

"येतो ना. महसूल विभाग अमरावती, जिल्हे पाच, त्यात अकोला."

"बस! मंगाओ जलेबी!"

भाषण संपलं की तायडे साहेब आमचं बजेट मांडतात. चहाचं! नियम त्यांनीच घातलेला. उत्पन्न पाहून कर. वर्षभर ज्याची कमाई सगळ्यांत जास्त, तो वरच्या स्लॅबमध्ये: त्याने रोजचा चहा पाजायचा. मधल्या स्लॅबने बिस्किटं आणायची. शून्याच्या स्लॅबने काही द्यायचं नाही, नुसता आशीर्वाद द्यायचा. आणि उत्पन्न ज्याचं त्याने सांगायचं. पुरावा नाही, चौकशी नाही, सगळं विश्वासावर.

विश्वासावर म्हटल्यावर काय झालं असेल, ते सांगायला नको. तायडे साहेब आणि मी मधल्या स्लॅबमध्ये. शून्यात देशमुख भाऊ. आणि वरच्या स्लॅबमध्ये कोण, तर सलीमभाई! फ्रॉक आणि चड्ड्या विकणारे सलीमभाई, दरवर्षी! कारण त्यांच्या अम्मीने त्यांना लहानपणी शिकवलं होतं, की रिझकाबद्दल, म्हणजे रोजीरोटीबद्दल, रडगाणं गायचं नाही, बरकत जाते. विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "अल्लाह का दिया बहुत है. लिखो, ऊपर का स्लॅब!"

म्हणजे डाळ मिलवाल्याला चहा पाजणार फ्रॉकवाला. आणि दोघांचे खरे आकडे माहीत असलेली मी, मुकाट्याने बिस्किटं आणणार! मला याचा खरंच संताप यायचा. पण सलीमभाई इतक्या खुशीत पैसे द्यायचे, की रागावणार कुणावर?

* * *

देशमुख भाऊंची गरिबी ही साधी गरिबी नव्हे. ती त्यांनी मेहनतीने कमावलेली आहे.

नवी मोठी गाडी घेतली, तेव्हा ती दोन गल्ल्या सोडून उभी करून घाम पुसत चालत यायचे. एक दिवस बेबीताईंनीच ती पाहिली. "भाऊ, गाडी घेतली म्हने!" भाऊ म्हणाले, "माही कुठली वो? बँकेची हाये. मी फक्त डायवर!"

बंगला बांधला. वास्तुशांतीला आम्ही गेलो. संगमरवराकडे बघत सलीमभाई म्हणाले, "माशाल्लाह, देशमुख भाऊ!" तर भाऊंनी त्यांना बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं, "जुन्या घरातले उंदीर मिलच्या डाळीवर लय माजले होते. काय करता, जागा बदलावी लागली."

दुबईला जाऊन आले. "साडभावानं नेलं. येत नाई म्हनलो असतो, त त्याले वाईट वाटलं असतं."

त्यांचं पाकीट आमच्यापैकी कुणीही कधी पाहिलं नव्हतं. बेबीताईंच्या एका चुलतभावाने म्हणे एकदा पाहिलं होतं. तो सांगायचा, की शर्टाच्या आत बंडी, बंडीला आतून खिसा, त्या खिशात पाकीट आणि पाकिटाला आडवं-उभं अशी दोन रबरं. आम्हाला ती अफवा वाटायची.

बरं, माणूस वाईट असता तर मी त्यांना कधीच बाकड्यावरून उठवलं असतं. सलीमभाईंच्या भाच्याचा अपघात झाला, तेव्हा देशमुख भाऊ रात्रभर दवाखान्यात उभे होते. गाडी त्यांची, पळापळ त्यांची. फक्त सकाळी तिथल्या कँटीनमध्ये चहा आला, तेव्हा ते एकाएकी दिसेनासे झाले!

* * *

एकदा बेबीताईंनी मला विचारलं, "म्याडम, तुमी साऱ्यायचा टॅक्स भरता. माहा कावून नाई भरत?"

तायडे साहेब म्हणाले, "ताई, तुमी भरूनच राहिल्या. पत्तीवर टॅक्स, साखरीवर टॅक्स, शिलिंडरवर टॅक्स, कपावर बी टॅक्स. दुकानदार तुमच्यापासून घेते अन् सरकारले देते."

बेबीताई विचारात पडल्या. "म्हंजे मी रोज भरतो?"

"रोज."

"अन् हे लोकं वर्सातून एकडाव भरतात, अन् तेबी रडून रडून?"

"एकदम बरोबर!"

त्या दिवसापासून बेबीताईंची मान ताठ झाली. पंधरा-वीस दिवसांनी अतिक्रमण काढणाऱ्यांची गाडी आली. एरवी ताई हातपाय जोडायच्या. त्या दिवशी कमरेवर हात ठेवून गाडीसमोर उभ्या राहिल्या.

"कोनाची टपरी हटवून राहिला, माईत हाये का? मी टॅक्स भरनारी बाई हावो! तुह्या या गाडीत डिझल कोनाच्या पैशाचं हाये? माह्या! तुले पगार कोन देते? मी देतो! बस तिथं बाकड्यावर. चहा पे, अन् मंग कामाले लाग!"

तो माणूस खरोखर बाकड्यावर बसला. चहा प्यायला. टपरी दोन हात मागे सरकवून घेतली आणि ताईंना नमस्कार करून गेला.

त्याच्या चहाचे पैसे? अर्थात सलीमभाईंनी दिले.

* * *

आता शेवटचा किस्सा. हा सांगायची मला देशमुख भाऊंनी परवानगी दिली आहे. फुकट दिली, हे विशेष!

भाऊंचा एकुलता एक मुलगा निखिल. अमरावतीला इंजिनिअरिंग शिकत असताना त्याची ऋतुजाशी ओळख झाली आणि मग दोघांचं ठरलंच. ऋतुजा वलगावची. वडील गुल्हाने काका, त्यांची संत्र्याची बाग. मुलगी हुशार, स्पर्धा परीक्षा पास होऊन नुकतीच निवड झालेली. पद कोणतं? राज्यकर निरीक्षक!

हे ऐकल्यावर देशमुख भाऊ माझ्याकडे पळत आले. "मॅडम, लोकायच्या घरी धाड पडते, माह्या घरी त ते वरात घेऊन येऊन राहिली!"

पण ऋतुजा घरी येऊन गेली, मोकळी हसली, भाऊंच्या बरोबरीने ठेचा-भाकर जेवली, आणि भाऊ पार विरघळले. म्हणाले, "पोरगी लाखात एक हाये. सून करीन त हेच." आता फक्त गुल्हाने काकांचा होकार यायचा होता.

आमच्याकडे रीत अशी, की होकार देण्याआधी मुलीकडचं कुणीतरी न सांगता मुलाच्या मोहल्ल्यात येऊन बसतं आणि चौकशी करतं.

एका संध्याकाळी बाकड्यावर एक अनोळखी गृहस्थ येऊन बसले. पांढरा पायजमा-शर्ट, गळ्यात दुपट्टा. देशमुख भाऊ त्या दिवशी खामगावला गेले होते. पाहुण्यांनी चहा मागवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "ते मिलवाले देशमुख इकडंच बसतात म्हने. कसा मानूस हाये?"

बेबीताई म्हणाल्या, "मानूस सोन्यावानी हाये दादा. पन पैशाचं तेवढं नाई पाहा. कितीक वर्सापासून येते, पन खिशात हात गेलेला मी नाई पाहिला."

तायडे साहेब म्हणाले, "मी रेकॉर्डनुसार बोलतो. शून्य स्लॅब. सातत्यानं!"

सलीमभाईंनी पाहुण्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बहुत नेक आदमी है भाईसाब. बस, हालात साथ नहीं देते. चाय हम पिलाते हैं उसको, पर कभी जताया नहीं."

मी दारातून हे ऐकत होते. मध्ये पडावं, की नको? तेवढ्यात पाहुणे माझ्याकडेच वळले. "बाई, तुमी त्यायचं काम पाहता म्हने. तुमी सांगा."

मी म्हटलं, "माफ करा, क्लायंटबद्दल मी काही सांगू शकत नाही."

पाहुण्यांनी मोठा उसासा सोडला. "सांगन्यासारखंच काही नसन बिचाऱ्याचं!"

त्यांचा हात खिशाकडे निघाला होता. पण तो पोचायच्या आत सलीमभाईंनी त्यांच्या चहाचे पैसे देऊन टाकले. पाहुण्यांनी फार आग्रह केला नाही. फोन लावत लावत चालू लागले, आणि जाता जाता त्यांचे शब्द कानावर आले, "ऋतू, बेटा, जमत नाई वो. लय तंगीतलं घर हाये."



* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच देशमुख भाऊ पायरीवर बसलेले. दाढी वाढलेली, डोळे लाल.

"मॅडम, पोरगं कालपासून जेवलं नाई. ज्या पोरीले मी भेत होतो, तिच्यासाठी आज मीच रडून राहिलो. तुमी माहं रिटर्न दाखवा गुल्हान्यायले! दाखवाच! माहीच परवानगी हाये!"

मी त्यांना पाणी दिलं. "भाऊ, तुमचं रिटर्न? मिल वहिनींना त्यांच्या वडिलांनी दिलेली. गोडाऊन निखिलच्या आजींच्या नावावर. ट्रक निखिलचे. तुमच्या एकट्याच्या नावावर दोन गाळ्यांचं भाडं आहे. सगळं कायद्यातच आहे, पण ते रिटर्न पाहिलं, तर काका जाताना तुमच्या हातावर शंभराची नोट ठेवून जातील!"

भाऊ डोकं धरून बसले. माणूस इतका हरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला खरंच भरून आलं, आणि खोटं कशाला बोलू, हसूही आलं.

तेवढ्यात वहिनी येऊन ठेपल्या. मिलच्या खऱ्या मालकीण! त्यांनी नवऱ्याकडे एकदाच पाहिलं. "जिथं बसून इज्जत घालवली ना, तिथंच बसून वापस आना! परवा बजेट हाये. मी बोलली ऋतूसंगं. ते बापाले घेऊन येऊन राहिली."

ऋतुजाने बापाला कसं तयार केलं, ते मला नंतर कळलं. म्हणाली, "बाबा, तुमची चौकशी झाली. आता एकडाव मले करू द्या. माहं कामच हाये ते!"

* * *

बजेटचा दिवस. टीव्हीवर भाषण चाललं होतं. कूलर सुरू होता. पुढच्या खुर्च्यांवर गुल्हाने काका आणि ऋतुजा, मागे निखिल, दाराशी वहिनी. अकोल्याचं नाव आलं की नाही, हे त्या दिवशी कुणाला आठवतच नाही. भाषण संपलं. आम्ही सगळे बाहेर बाकड्यांवर आलो. बेबीताईंनी चहा ठेवला आणि तायडे साहेब उभे राहिले.

"आता आपलं बजेट. आपापलं उत्पन्न सांगा. सलीमभाई?"

"अल्लाह का दिया बहुत है. ऊपर का स्लॅब!"

"मी मधला. मॅडम मधल्या. देशमुख भाऊ?"

सगळ्यांच्या माना वळल्या.

भाऊ उठले. त्यांनी गुल्हाने काकांकडे पाहिलं. शून्य म्हणावं, तर लग्न मोडलं. मग ऋतुजाकडे पाहिलं. वरचा म्हणावं, तर समोर राज्यकर निरीक्षक! भाऊंच्या कपाळावरून घाम ओघळायला लागला.

"यंदा… म्हंजे, तसं पाहिलं त… तुरीचे भाव…"

"भाऊ, स्लॅब सांगा. भाव नका सांगू," तायडे साहेब म्हणाले. आक्षेप काढल्याशिवाय त्यांना राहवतच नाही!

मागे निखिलने डोळे मिटून घेतले होते. वहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. चहा तेवढा उकळत होता.

मग ऋतुजा हसली. "राहू द्या काका. पक्का पगार मलेच लागून राहिला आता. आजचा चहा माह्याकडून." आणि तिने पर्स उघडली.

ते पाहिलं मात्र, आणि देशमुख भाऊंना काय झालं कुणास ठाऊक!

"नाई!" भाऊ असे गरजले, की निंबावरचे कावळे उडाले. "माह्या घरची लक्ष्मी पहिल्याच दिवशी पैसे देईन, अन् मी पाहत बसीन? तायडे साहेब, लिहा! देशमुख, वरचा स्लॅब! एकदम वरचा! अन् मागचे सारे चहा बी माह्याकडं!"

बेबीताईंच्या हातून गाळणी पडली. सलीमभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "कब से बोल रहा था मैं, बरकत होगी, बरकत होगी!" ते मला म्हणाले.

भाऊंनी शर्टाची वरची दोन बटणं काढली. आत बंडी निघाली. बंडीच्या आतल्या खिशात हात गेला, आणि आम्ही सगळे जागच्या जागी उभे राहिलो. पाकीट बाहेर आलं. काळं, चपटं, आणि त्याच्यावर आडवं-उभं दोन रबरं! अफवा नव्हती ती!

गुल्हाने काका त्या पाकिटाकडे टक लावून पाहत होते. बराच वेळ. मग ते सावकाश उठले. गळ्यातला दुपट्टा त्यांनी लेकीच्या हातात दिला. शर्टाची वरची दोन बटणं काढली. आत बंडी. बंडीच्या आत खिसा. खिशातून पाकीट निघालं, आणि त्याच्यावरही आडवं-उभं, दोन रबरं!

ऋतुजाने तोच दुपट्टा तोंडावर घेतला.

"राहू द्या व्याही," काका म्हणाले. "चहाचे मी देतो."

'व्याही' ऐकलं आणि वहिनींनी दारातच हात जोडले. निखिल तर खाली बसला.

"असं कसं व्याही? तुमी पाहुने!"

"पाहुना कायचा? आता घरचाच हावो मी. तुमी बसा."

"नाई, तुमी बसा."

"मी म्हनतो, तुमी बसा!"

आणि दोघेही व्याही समोरासमोर उभे राहून, मान खाली घालून, नखाने आपापलं रबर काढू लागले. सावकाश. अगदी जपून, तुटायला नको म्हणून.

दोघांचं पहिलं रबर निघेपर्यंत सलीमभाईंनी चहाचे पैसे देऊन टाकले होते!